एसीचं पाणी गाडीखाली पडायचं बंद झालं, आता आत पायाशी येतंय. मदत हवी आहे

मंडळी, जरा सांगा काय करू. मागच्या महिन्यात एसी लावून गाडी चालवली की उभी केल्यावर पुढच्या बाजूला खाली पाण्याचं थारोळं व्हायचं, मला वाटलं रेडिएटर गेला, बोनेट उघडून बघितलं तर कूलंटची लेव्हल जिथल्या तिथे. मग एका मित्राने सांगितलं अरे ते एसीचं पाणी आहे, पडायलाच पाहिजे. म्हटलं ठीक. आठ-दहा दिवसांपूर्वी ते आपोआप बंद झालं आणि मी येडा खूश, की चला, कटकट मिटली.

परवा बायको शेजारच्या सीटवर बसली, चप्पल काढून पाय टेकवले आणि म्हणाली इथे ओलं कसं काय? मॅट उचलून कार्पेट अंगठ्याने दाबलं तर पाणी वर आलं, भिजलेला स्पंज दाबावा तसं. मग आठवलं की वळणावर डॅशबोर्डच्या आतून डुचमळल्यासारखा आवाज येत होता, मी समजत होतो मागे पाण्याची बाटली लोळतेय. एसी चालू केला की पहिली दोन मिनिटं न वाळलेल्या फडक्यासारखा वास. कूलिंग मात्र एकदम झकास. पाऊस नाही, गाडी धुतलेली नाही. टिश्यूने टिपून बघितलं, रंग नाही, चिकटपणा नाही, नुसतं पाणी.

गॅरेजवाला म्हणतो कूलिंग कॉइल लीक आहे, पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागेल, दोन दिवस गाडी सोडा. मला काही पटत नाहीये. कुणाला अनुभव?

—

डॅशबोर्डला हात लावू देऊ नका! कॉइल लीक झाली तर गॅस जातो आणि कूलिंग पडतं, कार्पेट भिजत नाही. तुमची ड्रेनची नळी चोक झालीय, दुसरं काही नाही. हवेतली वाफ गार कॉइलवर जमते, थेंब खालच्या ट्रेमध्ये पडतात आणि तिथून रबरी नळीने इंजिनच्या मागच्या पत्र्यातून खाली जातात. धूळ, पानांचा चुरा, शेवाळ असं काहीतरी तोंडाशी अडकलं की ट्रे भरतो आणि पाणी आत सांडतं. गाडी वर घेऊन खालून नळीचं तोंड शोधा, बोटाने दाबून मोकळं करा. तार घालायचीच तर बोथट आणि जेमतेम घाला, खोल खुपसली तर कॉइललाच भोक पडेल, मग गॅरेजवाल्याचं खरं होईल. हवेचं प्रेशर पण जोरात नको, नळी आतून निसटते.

—

वरच्यांशी सहमत. फक्त एक, पाण्याला गोडसर वास आणि काचेवर आतून तेलकट धुकं असेल तर तो हीटरच्या कॉइलमधून येणारा कूलंट, ती भानगड वेगळी. तुमचं वर्णन तसं वाटत नाही.

—

धन्यवाद दोघांना! आज सकाळी केलं. नळीचं टोक पुढे जाऊन वाकलंय, तोंडात काळा गाळ बसलेला. बोटाने चिमटून पिळलं तर आधी चिखलाची गोळी आली आणि मागोमाग सगळं पाणी माझ्या बाहीत, तांब्याभर तरी असेल. नंतर वीस मिनिटं एसी लावून ठेवला, खाली टपटप सुरू. एवढा आनंद गळती बघून कधी झाला नव्हता.

आता कार्पेटचं सांगा. वरून दोन दिवसांत सुकेल असं वाटतं, पण खालचा फोम अजून जड लागतोय.

—

वरून सुकलं म्हणून फसू नका, फोम आठवडाभर पाणी धरून ठेवतो आणि वास तिथूनच येतो, खालून वायरिंग जात असेल तर कनेक्टरही गंजतात. सीट काढून कार्पेट उचला, खाली काहीतरी टेकू देऊन पंखा लावा. केबिन फिल्टर पण बघा, पानांचा चुरा बऱ्याचदा तिकडूनच आत येतो. आणि पोचायच्या चार-पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवत जा, कॉइल कोरडी राहते.

—

सीटचे बोल्ट सोडवतोय. सीटखालच्या पिवळ्या वायरीचा कनेक्टर काढायचा का तसाच ठेवायचा?

—

थांबा! ती एअरबॅगची. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, दहा मिनिटं जाऊ द्या, मगच हात लावा.