मुकादमाला हटवण्यासाठी आलेला अधिकारी आणि परत आलेला मुकादम

फोंडेकर

व्यवस्थापनाच्या वर्गात मनुष्यबळ विभागाचा इतिहास सांगताना गाडी हमखास अमेरिकेतूनच सुटते. १९०१ साली ओहायोतील डेटन येथे नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत संप झाला आणि त्यानंतर कामगारांच्या तक्रारी पाहणारे स्वतंत्र खाते तेथे निघाले; १९११ साली टेलरने वैज्ञानिक व्यवस्थापन मांडले; मग शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातील प्रयोग आणि त्यांच्याशी नाव जोडले गेलेला संशोधक एल्टन मेयो. माझ्या मुलीच्या टिपणांत हे सगळे आहे. मुंबईच्या गिरणीतला मुकादम मात्र त्यांत कोठेही नाही, आणि माझ्या मते आपल्याकडच्या या खात्याची जन्मकथा त्याला वगळून सांगताच येत नाही.

कामगाराला भरती करणारा, त्याच्यावर देखरेख ठेवणारा आणि मर्जी फिरली की घरी बसवणारा माणूस एकच होता. साहेब लोक त्याला जॉबर म्हणत. नोकरी लावल्याबद्दल तो दस्तुरी, म्हणजे स्वतःचा हिस्सा, घेई, अडीअडचणीला व्याजाने पैसे देई, राहायला खोलीही मिळवून देई. बायकांच्या खात्यांत हेच काम नायकिणी करीत. कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात या व्यवस्थेवर बोट ठेवले आणि भरतीचे काम मुकादमाच्या हातून काढून कामगार अधिकाऱ्याकडे सोपवावे, अशी शिफारस केली. मुंबई प्रांतात १९३४ च्या कायद्याने सरकारी कामगार अधिकारी आला, १९३५ मध्ये गिरण्यांत बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत सुरू झाली, आणि १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४९ व्या कलमाने ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. हा अधिकारी मालकांना सुचलेल्या सद्बुद्धीतून आलेला नाही, हे यावरून दिसते. (रविवारची सुट्टीसुद्धा १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मिळाली, कोणा खात्याच्या परिपत्रकामुळे नव्हे.)

गोव्यात १९६१ पर्यंत संप करणे हाच गुन्हा होता. मुंबईने कित्येक वर्षे भांडून मिळवलेले कायदे मुक्तीनंतर आपल्याकडे तयार स्थितीत आले, त्यामुळे ते कशासाठी झाले याची आठवण आपल्यापाशी नाही. पुढे कामगार अधिकाऱ्याचा कार्मिक अधिकारी झाला, त्याचा मनुष्यबळ व्यवस्थापक झाला, आणि आज गोव्यातील वेर्णे किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत सकाळी उभे राहिले तर कंत्राटदाराच्या गाडीतून उतरणारी माणसे दिसतात, ज्यांची नावे या व्यवस्थापकाला ठाऊकही नसतात. ज्याला हटवण्यासाठी हे खाते उभे राहिले त्यालाच खात्याने पुन्हा दारातून आत घेतले, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेर्णेवाली

फोंडेकर, आपली मांडणी वाचायला चांगली आहे, पण कंत्राटदाराला मुकादम म्हणणे मला मान्य नाही. मी औषध कारखान्यात याच विभागात सोळा वर्षे काम करते. कंत्राटदाराला परवाना लागतो, भविष्य निर्वाह निधी आणि राज्य विमा भरावा लागतो, आणि त्याने वेतन थकवले तर ते चुकते करण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे ज्याच्या कारखान्यात काम चालते त्याच्यावर, येते. दस्तुरीवर जगणाऱ्या मुकादमाला असा कोणता हिशेब द्यावा लागत होता?

नाव बदलले पण काम तेच राहिले, हेही अर्धसत्य आहे. १९७४-७५ च्या सुमारास लार्सन अँड टुब्रोमध्ये उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी मनुष्यबळ विकासाची जी रचना सुचवली, तिच्यात माणसाचे मूल्यमापन, प्रशिक्षण आणि पुढील वाटचाल यांचा एकत्र विचार होता. त्याआधीचा कल्याण अधिकारी उपाहारगृहातल्या डाळीची चव पाहणे आणि हजेरीपट तपासणे यांतच बव्हंशी अडकलेला असे.

कंत्राटी पद्धत का वाढली, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. औद्योगिक विवाद अधिनियमात १९७६ साली कामगारकपातीसाठी सरकारी परवानगीची अट आली. ती आधी ३०० कामगारांच्या आस्थापनांना होती आणि १९८२ च्या दुरुस्तीने १०० वर आणली गेली. कायमचा कामगार ठेवणे जितके अवघड होत गेले, तितका मालक कंत्राटाकडे वळला. तो निर्णय संचालक मंडळात होतो आणि त्याचा दोष मात्र आमच्या टेबलावर येतो.

जुना टाइमकीपर

मी डिचोली भागातील एका खाणीच्या टाइम ऑफिसात नोकरी केली आणि माझे वडील पोर्तुगीज काळात त्याच पट्ट्यात खनिजाच्या टोपल्या वाहत होते, म्हणून दोघांनाही थोडे सांगतो. मुकादम पैसे खात असे, यात शंका नाही. पण पावसाळ्यात खाण बंद पडली की चवथीच्या बाजारासाठी पैसे तोच देई आणि कोणाच्या घरी कोण आजारी आहे हे त्यालाच ठाऊक असे. ते पैसे तो पुढच्या हंगामात व्याजासकट वसूल करी, हे खरे. पण त्या चार महिन्यांत आमच्या दाराशी दुसरे कोणीही येत नसे, पात्रांव, म्हणजे मालक, तर नाहीच. म्हणून फोंडेकरांनी त्याला सरसकट खलनायक करू नये.

१६ मार्च २०१८ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे खाणी थांबल्या, तेव्हा मी निवृत्त झालो होतो. आमच्या वाड्यावर पटावरच्या माणसांना पत्रे आली, त्यांवर वाटाघाटी झाल्या. कंत्राटदाराकडच्यांना पत्रसुद्धा आले नाही. त्यांना दुसऱ्या दिवशी फक्त बोलावले गेले नाही. जुना मुकादम निदान तोंड दाखवायला आला असता.

मडगावचा वकील

येथे कायद्याचा एक धागा सुटतो आहे. कंत्राटी कामगारांसाठीचा १९७० चा अधिनियम ही पद्धत नियंत्रित करण्यासाठी आणि काही कामांत तिचे उच्चाटन करण्यासाठी झाला. सरकारने एखाद्या कामात कंत्राटी पद्धतीवर बंदी घातली की कामगार आपोआप मुख्य मालकाचा होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने एअर इंडियाच्या खटल्यात म्हटले होते. २००१ साली स्टील ॲथॉरिटीच्या खटल्यात घटनापीठाने ते रद्द ठरवले. मात्र कंत्राट निव्वळ देखावा आहे आणि प्रत्यक्ष नियंत्रण मुख्य मालकाचेच आहे, असे सिद्ध झाले तर कामगार मालकाचाच ठरतो, ही वाट त्या निकालाने खुली ठेवली.

दुसरे असे की ४९ व्या कलमाखाली केलेल्या अनेक राज्यांच्या नियमांत, कल्याण अधिकाऱ्याने कामगाराविरुद्धच्या शिस्तभंगाच्या प्रकरणात पडू नये आणि व्यवस्थापनाच्या बाजूने न्यायालयात उभे राहू नये, अशी तरतूद होती. तो पगार मालकाचा घेतो, पण त्याने मालकाचा माणूस होऊ नये, हा त्यामागचा विचार होता. आज आरोपपत्र तयार करण्यापासून चौकशीपर्यंतचे काम मनुष्यबळ विभागच चालवतो. फोंडेकरांनी मुकादमापेक्षा याच मुद्द्यावर जोर दिला असता, तर त्यांची बाजू अधिक बळकट झाली असती.

फोंडेकर

वकीलसाहेबांची दुरुस्ती मी स्वीकारतो. टाइमकीपर काका, आपण म्हणता ते खरे आहे. कामगाराची ओळख आणि त्याची अडवणूक हे दोन्ही मुकादमाच्या एकाच हातात होते. आयोगाला अडवणूक काढून टाकायची होती आणि ओळख अधिकाऱ्याकडे द्यायची होती. ताई, परवाना आणि निधीबद्दल आपले म्हणणे मान्य करूनही एक साधा प्रश्न विचारतो. आपल्या कारखान्यात कंत्राटी कामगाराला शिफ्टबद्दल किंवा पर्यवेक्षकाच्या शिवीगाळीबद्दल तक्रार करायची असेल, तर तो अर्ज कोणाकडे देतो?

वेर्णेवाली

कंत्राटदाराच्या पर्यवेक्षकाकडे. बऱ्याचदा शिवी देणाराही तोच असतो, हे मला माहीत आहे. लैंगिक छळाची तक्रार समितीकडे थेट येऊ शकते आणि अपघात झाल्यास आम्हीच धावतो. परंतु बाकीचे अर्ज आम्ही घेत नाही. यामागे बेफिकिरी नाही, वकिलांनी सांगितलेला तो २००१ चा निकाल आहे. आम्ही अर्ज घेतला, शिफ्ट बदलून दिली, रजा मंजूर केली, तर उद्या तेच कागद आमचे नियंत्रण असल्याचा पुरावा म्हणून न्यायाधिकरणापुढे मांडले जातील. म्हणून मी रुजू झाले त्या आठवड्यात मला मिळालेली पहिली सूचना अशी होती की कंत्राटी कामगार केबिनपाशी आला तर त्याच्याशी अदबीने बोलावे, पण त्याच्याकडून काहीही लेखी घेऊ नये.