आरव्ही पार्कमध्ये बारमाही राहणे: देखभालीचा भार पेलतो का?

रानवाट (टेक्सस)
आरव्हीत, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या चाकांवरच्या वाहनात, राहणारे लोक घरभाडे वाचवतात आणि तेच पैसे दुरुस्तीत घालवतात, असे अनेकजण म्हणतात. मी आणि माझी पत्नी तीन वर्षांपासून सॅन अँटोनियोजवळ, अशी वाहने भाड्याने उभी करण्याच्या एका पार्कमध्ये, ३२ फुटी फिफ्थ व्हीलमध्ये (पिकअप ट्रकला जोडून ओढायच्या आरव्हीत) राहतो आणि माझा अनुभव उलट आहे. मोठी दुरुस्ती बहुतेक वेळा टाळलेल्या छोट्या कामातून उद्भवते, आणि ते छोटे काम स्वतः करण्याची ज्याची तयारी आहे, त्याला हे राहणे नक्की परवडते.

शौचालयाच्या टाकीचेच पाहा. पार्कमध्ये सांडपाण्याचा पाइप कायम जोडलेला असतो, म्हणून नवखी माणसे टाकीची झडप उघडीच ठेवतात. त्यामुळे पाणी तेवढे निघून जाते, मैला तळाशी साचून घट्ट होतो आणि शेवटी तो काढायला माणूस बोलवावा लागतो. झडप बंद ठेवून टाकी दोन-तृतीयांश भरू द्यावी, आधी ती रिकामी करावी आणि मग भांडी-आंघोळीच्या पाण्याची टाकी सोडावी, म्हणजे त्या साबणाच्या पाण्याने पाइपही धुऊन निघतो. दर शनिवारी सकाळी माझी यात वीस मिनिटे जातात.

छतावर मी दर तीन महिन्यांनी चढतो. गेल्या मार्चमध्ये स्वयंपाकघराच्या पंख्याभोवतीच्या सीलंटला (फट बुजवणाऱ्या लेपाला) केसाएवढी भेग दिसली. जागा पुसून, वाळू देऊन मी तिच्यावर नवे सीलंट पसरले. ती भेग दोन पावसाळी आठवडे तशीच राहिली असती, तर आतले लाकूड भिजून कुजायला लागले असते आणि ते बाहेरून कळलेही नसते.

कृष्णाकाठ (ओहायो)
तुमची शिस्त मला मान्य आहे, पण निष्कर्ष मान्य नाही. आम्ही दोघे आणि आमची चार वर्षांची मुलगी दोन हिवाळे आरव्हीत राहिलो. पाण्याच्या नळीला तापणारी पट्टी गुंडाळली होती, टाक्यांखाली उष्णता देणारे पॅड होते, नियमाने सगळे केले होते. आम्हाला हरवले ते आतल्या बाष्पाने. तिघांचा श्वास, कुकरची वाफ, ओले कपडे, आणि शेगडी-हीटरचा प्रोपेन गॅस जळतानाही पाण्याची वाफ तयार होते, ती वेगळीच. दुसऱ्या फेब्रुवारीत गादी उचलली, तेव्हा खालचे प्लायवूड काळे पडलेले होते आणि स्क्रूड्रायव्हर त्यात लोण्यात शिरावा तसा शिरला. मुलगी त्याच्यावर दोन महिने झोपत होती. तिचा खोकला कशाने होता, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण आम्ही त्याच आठवड्यात अपार्टमेंट घेतले.

ही वाहने मुळात सहलीसाठी आणि तात्पुरत्या मुक्कामासाठी बांधलेली असतात. अनेक उत्पादकांच्या वॉरंटीतून कायमचा निवास स्पष्ट शब्दांत वगळलेला असतो. भिंत दोन इंचांची असेल, तर मालकाची शिस्त तिला सहा इंचांची करू शकत नाही.

तीसअँपिअर (नॉर्थ कॅरोलिना)
विजेबद्दल कुणीच लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. पार्कमध्ये प्रत्येक जागेवर वीज देणारा खांब असतो. त्याच्या ३० अँपिअरच्या जोडणीवर एकूण ३,६०० वॅट मिळतात. ५० अँपिअरच्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन वाहिन्या असल्यामुळे १२,००० वॅट मिळतात. छतावरचा एसी साधारण १३ ते १५ अँपिअर घेतो, पाणी तापवणारी कॉइल १२, आणि इंडक्शन शेगडी पूर्ण आचेवर १५. तिन्ही एकदम लावले की ३० अँपिअरचा ब्रेकर पडणारच. बारमाही राहायचे असेल तर ५० अँपिअरचीच जागा घ्यावी, आणि खांबाला जोडण्याआधी सर्ज प्रोटेक्टर (विजेतल्या बिघाडापासून वाहनाला वाचवणारे उपकरण) लावावाच, कारण खांबातली सैल तार डोळ्यांना दिसत नाही.

रानवाट (टेक्सस)
कृष्णाकाठ, मुलीबद्दल वाचून वाईट वाटले. बाष्पाचा मुद्दा मी पहिल्या मजकुरात लिहायला हवा होता. आमच्याकडे कुकर, तळण आणि मासे बाहेर, छपराखालच्या टेबलावरच होतात. आत पंखा चालू ठेवून एक खिडकी बोटभर उघडी असते आणि डिह्युमिडिफायर (हवेतले बाष्प शोषून पाणी साठवणारे यंत्र) रोज रिकामा होतो. फोडणीचे तेलही मी भांडे घासण्यापूर्वी कागदाने पुसून घेतो, नाहीतर ते टाकीत गोठते. तरीही हे खरे की टेक्ससमध्ये बाहेर रांधता येते, ओहायोच्या जानेवारीत येत नाही. थंड राज्यात लहान मूल घेऊन राहावे, असे मी म्हणणार नाही.

आजोळ (ॲरिझोना)
मी ६८ वर्षांची आहे. आम्ही दोघे नऊ हिवाळे युमाला काढले. रानवाट, तुम्ही सांगता ती सगळी कामे माझे यजमान करत असत, आणि फार निगुतीने करत असत. मागच्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि छत कोण पाहणार, हा प्रश्न एका दिवसात उभा राहिला. वाहन जागचे हलले नाही तरी उन्हाने टायर म्हातारे होतात. टायरवरचा २३१९ हा आकडा म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, हे मला तेव्हा कळले, कारण तोवर मला ते पाहावेच लागले नव्हते. स्वतःच्या श्रमावर परवडणारे घर श्रम थांबले की परवडत नाही, आणि हा हिशेब तुमच्या मांडणीत कुठेच नाही.

कृष्णाकाठ (ओहायो)
आजोळ यांच्या मुद्द्याला जोडून एक विचारतो. पुष्कळ पार्क दहा वर्षांहून जुने वाहन मुक्कामाला घेत नाहीत, मग ते कितीही निगा राखलेले असो. रानवाट, तुमचे वाहन किती वर्षांचे आहे?

रानवाट (टेक्सस)
आठ. आमच्या पार्कमध्येही तो नियम आहे. सध्याच्या भाडेकरूंना लागू करत नाहीत असे व्यवस्थापक तोंडी सांगतात; लेखी मात्र काही नाही. ते लेखी मागायला मी सोमवारी जाणार आहे आणि काय उत्तर मिळते ते इथे लिहीन. आजोळ, शिडी चढणे या वर्षी पत्नीलाही शिकवतो आहे.