सगळे आजार एकाच कुलपात? पी२एक्स७वरून पेटलेली चर्चा

दांडियाबाजारकर
काल आपल्या बडोद्याच्या गटावर ‘सूरसागरकाठ’ यांनी लिहिलं की पेशीवर पी२एक्स७ नावाचा रिसेप्टर (बाहेरची वर्दी घेणारं प्रथिन) असतो, एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) त्याला चिकटलं की सूज पेटते, तो बंद करणारी गोळी संधिवात, क्रोन्स (आतड्याचा जुनाट आजार), नैराश्य सगळं घालवेल, आणि कंपन्या ती दाबून बसल्यात. मी मकरपुऱ्याच्या औषध कारखान्यात २६ वर्षं काढली, म्हणून राहवत नाही.

पेशीच्या आत एटीपी भरपूर, बाहेर जवळपास नाहीच. फरक लाखो पटींचा. पेशी फुटून एटीपी सांडलं की शेजारच्या मॅक्रोफेजला (जंतू गिळणाऱ्या पेशीला) वर्दी मिळते. पी२एक्स७ थोड्याथोडक्या एटीपीला दाद देत नाही. भरपूर सांडलं तरच उघडतो. मग पोटॅशियम बाहेर पळतं, आत एनएलआरपी३ या प्रथिनसंचाची जुळणी होते, कॅस्पेज-१ हे कापणारं एन्झाइम जागं होतं आणि सूज पेटवणारं आयएल-१ बीटा कापून बाहेर पडतं. तेही जंतूच्या चाहुलीने त्याचा कच्चा माल आधी तयार झाला असेल तर. म्हणजे हा पहारेकरी आहे. त्याला चोर ठरवू नका.

आणि दाबलं कुठे? १९९६मध्ये उंदरातला हा जीन हाती आला, अ‍ॅस्ट्राझेनेका आणि फायझर दोघांनी गोळ्या केल्या, संधिवाताच्या रुग्णांना दिल्या, निकाल २०१२त छापून आले. खोट्या गोळीपेक्षा फरक नाही. रिसेप्टर काढून टाकलेल्या उंदरांचे सांधे कमी बिघडले होते. माणसांत ते झालं नाही.

सूरसागरकाठ
काका, पहारेकरी वगैरे ठीक आहे. माझ्या आईला १२ वर्षं संधिवात, तोही र्‍हुमॅटॉइड आहे. सकाळी ती दाराची कडी कोपराने ढकलते, बोटं मिटतच नाहीत. बांगड्या चढत नाहीत म्हणून लग्नातला चुडा रुमालात बांधून कपाटात ठेवलाय. तिच्यासाठी आशा धरली तर एवढं धारेवर धरायचं? आणि क्रोन्समध्ये त्याच गोळीने लोकांना बरं वाटलं, ते का गाळलंत?

दांडियाबाजारकर
गाळलं, ते चुकलं. अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या गोळीने क्रोन्समध्ये तक्रारी कमी झाल्या. पण रक्तातलं सीआरपी, म्हणजे आग किती ते दाखवणारं प्रथिन, हललं नाही. दुखणं कमी झालं, आग तशीच, असा माझा अर्थ. ‘दाबून ठेवली’ हे मात्र काढा. ते वाचून कुणी आज चालू असलेली गोळी सोडेल.

फतेहगंज लॅब
दोघांच्याही नजरेतून सुटलेली गोष्ट: र्‍हुमॅटॉइडमध्ये जोर टीएनएफ आणि आयएल-६ या आग पेटवणाऱ्या प्रथिनांचा. थेट आयएल-१ अडवणारं अ‍ॅनाकिन्राही तिथे टीएनएफच्या औषधांपुढे फिकं पडतं. मग त्याच्याही आधीची कडी तोडून किती मिळणार? शिवाय बाहेर सांडलेलं एटीपी सीडी३९ आणि सीडी७३ ही एन्झाइम्स तोडत नेतात, शेवटी अ‍ॅडेनोसिन उरतं आणि ते आग शमवतं. ताई, तुमच्या आईचं मेथोट्रेक्सेट काही अंशी हे अ‍ॅडेनोसिन वाढवूनच काम करतं असं मानतात. म्हणजे याच गल्लीतलं औषध त्या घेतायत.

वैद्यकन्या
मला रिसेप्टरपेक्षा एका शब्दाचा राग आहे. सगळे ‘सूज’ लिहिताय. माझ्या मावशीला डॉक्टर म्हणाले, “शरीरात सूज आहे.” तिने आरशासमोर पाय पाहिले, घोटे पाहिले, कुठे काही दिसेना. चार महिने गोळ्या डब्यातच राहिल्या. दोन बोटं कायमची वाकली. सूज डोळ्यांना दिसते. ‘दाह’ म्हणा.

सूरसागरकाठ
दाह म्हटलं की आई अ‍ॅसिडिटी समजते आणि थंड दूध पिते!

फतेहगंज लॅब
आयुर्वेदात शोथ (सूज) वेगळा, दाह (जळजळ) वेगळा. इन्फ्लमेशनच म्हणावं.

वैद्यकन्या
ही कसली पळवाट? हे बडोदं आहे. १८९०मध्ये इथे कलाभवन ही तंत्रशाळा निघाली तेव्हा ती उभारणाऱ्या प्रा. गज्जरांचा आग्रह होता की तंत्रविद्या मातृभाषेतून शिकवायची. आज आपल्याला आईला तिचा आजार सांगता येत नाही, आणि तुम्ही म्हणता इंग्रजी वापरा?

दांडियाबाजारकर
आवाज खाली, ताई. कारखान्यात आम्ही कामगारांना गुजराती-मराठीतच सगळं सांगायचो. शब्द कुठलाही घ्या, सोबत एक वाक्य द्या: “बाहेर दिसत नाही, पण सांध्याच्या आत आग चालू आहे.”

वैद्यकन्या
मावशीला एवढंच कुणी सांगितलं असतं तर बोटं वाचली असती. पण माझा शब्द दाहच.

खोकलेकर, कारेलीबाग
मला ९ वर्षं कोरडा खोकला. याच घराण्यातल्या पी२एक्स३ला अडवणारं गेफापिक्सन्ट जपानात २०२२मध्ये मंजूर झालं, अमेरिकेने २०२३च्या शेवटी नाकारलं. अनेकांची चव बिघडते. रात्री तिसऱ्यांदा उठून बसतो तेव्हा चवीचं काय घेऊन बसायचं? धोका पत्करायचा की नाही ते रुग्णाला ठरवू द्या.

फतेहगंज लॅब
चवीबाबत तुमचं ऐकतो. पी२एक्स७ची गोष्ट वेगळी. क्षयाचा जंतू पोटात घेतलेल्या मॅक्रोफेजला तो मारायला हाच रिसेप्टर मदत करतो. आपल्याकडे घरोघरी क्षय पाहिलेली माणसं आहेत. इथे पहारा उठवताना मला भीती वाटते.

सूरसागरकाठ
‘कंपन्या दाबून बसल्यात’ हे काढलं. ‘सगळे आजार’ हेही काढलं, काकांचा सूर आवडला नसला तरी. आशा आहे, हे वाक्य ठेवलंय आणि ते राहणार. आज संध्याकाळी आईला सांगणार आहे की मेथोट्रेक्सेटची आठवड्याची ती एक गोळी सांध्यातली आग शमवायला आहे. ती विचारत होती, बाहेर काही दिसत नाही तर घेऊ कशाला.