टपाल कार्यालयाच्या पायरीवर बसून लोकांचे अर्ज भरून देणारे गुरुजी : ही सेवा चालू राहावी की थांबावी?

कौलारू

आमच्या कोकणातल्या तालुक्याच्या गावी टपाल कार्यालयाच्या पायरीवर रोज सकाळी दहा ते एक या वेळात एक निवृत्त प्राथमिक शिक्षक बसतात. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर आहे. पैसे काढण्याची पावती, निराधार योजनेचा अर्ज, पत्ता बदलण्याची विनंती, पेन्शनरांचा हयातीचा दाखला, जे कोणी घेऊन येईल ते भरून देतात आणि त्याबद्दल एक पैसाही घेत नाहीत. त्यांच्याजवळ पत्र्याची एक पेटी असते. तिच्यात दोन पेने, शाईची गादी, डिंकाची बाटली, अंगठा पुसायला खोबरेल तेलात भिजवलेली चिंधी आणि वेगवेगळ्या नंबरांचे तीन जुने चष्मे असतात. एखादी म्हातारी बाई आली की ते आधी एकेक चष्मा तिच्या हाती देतात आणि अर्जावर बोट ठेवून विचारतात, "काकी, तुमचं नाव दिसतंय का, बघा." नाव दिसल्याशिवाय पुढची ओळ लिहीत नाहीत.

जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या अर्जांसाठी झुंबड उडाली, तेव्हा हेच गुरुजी दिवेलागणीपर्यंत पायरीवर होते. गेल्या आठवड्यात मात्र वॉर्डाच्या बैठकीत काही जणांनी असे मत मांडले, की आधार क्रमांक आणि खाते क्रमांक अशा उघड्यावर हाताळले जाऊ नयेत, म्हणून गुरुजींना हे काम थांबवायची विनंती करावी. मला हे मुळीच पटत नाही. ज्या पायरीवरून दिवसाला वीस-पंचवीस माणसे निश्चिंत होऊन घरी जातात, ती पायरी रिकामी करून आपण नेमके कोणाचे रक्षण करणार आहोत?

सहीशिक्का

मी बावीस वर्षे बँकेत काम केले आहे, त्यामुळे गुरुजींविषयी पूर्ण आदर ठेवूनही मी त्या बैठकीतल्या लोकांच्या बाजूने उभा आहे. प्रश्न गुरुजींच्या सचोटीचा नाही, लोकांना लागणाऱ्या सवयीचा आहे. पायरीवर बसलेल्या भल्या माणसाच्या हाती पासबुक, आधार कार्ड आणि फोन द्यायचा, ही सवय एकदा अंगवळणी पडली की दुसऱ्या गावी, दुसऱ्या पायरीवर बसलेल्या माणसाच्या हातीही ते तितक्याच सहजपणे दिले जाते. माझ्या सख्ख्या मावशीने अशाच एका मदतनिसाला फोनवर आलेला ओटीपी वाचून दाखवला आणि तिच्या खात्यातले अठरा हजार रुपये गेले. तोही वयस्कर होता, गोड बोलणारा होता आणि तिला ताई म्हणत होता.

शिवाय चूक झाली तर जबाबदारी कोणाची? खातेदार आजारामुळे किंवा वार्धक्यामुळे सही करू शकत नसेल, तर त्याच्या अंगठ्याला दोन साक्षीदार लागतात आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. हा नियम कोणाला छळण्यासाठी केलेला नाही, म्हाताऱ्या माणसाचा पैसा सुरक्षित राहावा म्हणून केलेला आहे. पायरीवर असा साक्षीदार नसतो.

उंबरठा

सहीशिक्का, नियमांचा विषय तुम्हीच काढलात म्हणून विचारते. सत्तरीपुढच्या ग्राहकांना मूलभूत सेवा घरपोच मिळाव्यात, ज्येष्ठांसाठी स्वतंत्र खिडकी असावी किंवा त्यांना प्राधान्य तरी द्यावे, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना सांगितले आहे ना? आमच्या शाखेत अशी खिडकी नाही. उलट खिडकीवरचा माणूसच अर्ज परत सरकवतो आणि "बाहेरून कोणाकडून तरी भरून आणा" असे सांगतो. माझ्या सासूबाईंना हे वाक्य माझ्यादेखत ऐकावे लागले आणि तेव्हा त्यांचा उतरलेला चेहरा मी विसरू शकत नाही. त्या आयुष्यभर खलाटीत, म्हणजे सखल भातशेतीत, राबल्या आहेत. बोटांच्या रेषा झिजल्यामुळे यंत्रावर त्यांचा ठसा उमटत नाही, आणि यात जणू त्यांचाच काही अपराध असावा अशा नजरेने रांग त्यांच्याकडे पाहते. अशा वेळी पायरीवरचा माणूस "बसा, घाई नाही" एवढे म्हणतो, तेही मला मोठे वाटते. आधी आतली खिडकी सुरू करा, मग बाहेरची पायरी बंद करण्याचे बोला.

समईवात

माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. माझे वडील विदर्भातल्या एका गावी बारा वर्षे हेच काम करत होते. सुरुवातीला लोक दोन्ही हातांनी नमस्कार करत, पुढे जेवणाच्या ताटावरून उठवू लागले. वडील तापाने फणफणलेले असताना एक गृहस्थ पलंगाशी उभे राहून "दोनच रकाने राहिलेत, काका" असे म्हणाले होते. वडिलांना नाही म्हणता येत नसे आणि आम्ही कोणाला अडवले की तेच आमच्यावर रागावत. ते गेल्यावर तेराव्याला शंभर माणसे आली, पण आजारपणाच्या आठ महिन्यांत त्यांना दवाखान्यात न्यायला शेजारची एक रिक्षा तेवढी आली. म्हणून कौलारू यांना माझे विचारणे आहे, की ही पायरी चालू राहावी असे म्हणताना गुरुजींच्या गुडघ्यांचा विचार कोणी केला आहे का? सावली, पाठ टेकायला खुर्ची, आठवड्याची एक सुट्टी, यातले काही त्यांना आपण दिले आहे का?

आणखी एक गोष्ट मनाला लागते. अर्ज भरणारे गुरुजी आपल्याला दिसतात, पण शेजारच्या तीन घरांतली मुले शाळेतून आल्यावर त्यांना जेवू घालणारी आजी दिसत नाही, कारण बायकांनी हे करायचेच असते असे आपण धरून चालतो.

पाटीपेन्सिल

दोन्ही बाजूंचे वाचले. माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. अर्ज भरून देण्यापेक्षा सही शिकवावी. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी २०२२ पासून उल्लास हा साक्षरता कार्यक्रम चालू आहे आणि त्याला स्वयंसेवकच हवे असतात. गुरुजी तर शिक्षकच आहेत.

कौलारू

समईवात यांचा प्रश्न वाचून मी काल गुरुजींकडे गेलो. गुडघ्यांविषयी मी त्यांना यापूर्वी कधीही विचारले नव्हते, ही माझी चूक मी मान्य करतो. पायरीवर बसणे त्यांना आता जमत नाही, पण तसे बोलून दाखवणे त्यांना अवघड वाटत होते. समोरच्या किराणा दुकानदाराने त्याच्या ओटीवर खुर्ची आणि टेबल ठेवायला जागा दिली आहे. एक निवृत्त अंगणवाडीसेविका गुरुवारी बसायला तयार झाल्या आहेत, त्यामुळे गुरुजींना त्या दिवशी सुट्टी राहील.

ओटीपीविषयी सहीशिक्का यांचे म्हणणे मी त्यांना सांगितले. ते कोणाचाही फोन हातात घेत नाहीत, मात्र माणसे संदेश मोठ्याने वाचून दाखवतात, हे त्यांनी कबूल केले. यापुढे ओटीपी लागेल असे कोणतेही काम ते करणार नाहीत, माणसाला आत पाठवतील. सही शिकवण्याचे त्यांनी पूर्वीच सुरू केले आहे. जुन्या पाठकोऱ्या कागदांवर एका आजींनी गिरवलेले "पार्वती" मी स्वतः पाहिले. त्यातला रफार तेवढा अजून अक्षराच्या डोक्यावर बसत नाही.

सहीशिक्का

ओटीपीबाबत माझे समाधान झाले. उंबरठा यांच्या सासूबाईंना जे ऐकावे लागले ते ऐकवणारी माणसे माझ्याच पेशातली आहेत, त्याची मला मनापासून लाज वाटते. त्यांनी शाखाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी, मसुदा मी लिहून देतो. थांबवण्याची मागणी मी मागे घेतो, परंतु एक आक्षेप कायम आहे. वाडीवरची माणसे शेवटची एसटी चुकू नये म्हणून पासबुके गुरुजींकडे ठेवून जातात आणि ती रात्रभर त्यांच्या पत्र्याच्या पेटीत राहतात, असे तुमच्याच गावच्या एका परिचिताने मला सांगितले. हे खरे आहे का? खरे असेल तर ते उद्यापासून बंद व्हायला हवे.

कौलारू

खरे आहे. काल पेटीत सात होती. उद्या सकाळच्या गाडीने मी वाडीवर जाऊन ज्याची त्याला परत देऊन येतो.