कृष्णधवल छपाई: सहाव्या खान्यात कोणती शाई भरावी?

मंडळी, मदत हवी आहे. सहा शायांचा एप्सन इंकजेट फक्त कृष्णधवल फोटोंसाठी ठेवायचा आहे. रंगीत शायांतून बनलेला राखाडी खिडकीच्या उजेडात हिरवट, पिवळ्या बल्बखाली किरमिजी दिसतो. ड्रायव्हरमध्ये फक्त काळी शाई निवडली, तर गालावरच्या उजळ भागात ठिपके उठतात. म्हणून पातळ केलेल्या कार्बन पिगमेंट शाया (रंग विरघळलेला नसून बारीक कणांच्या रूपात असलेल्या) आणि क्वाडटोनरिप (कोणत्या खान्यातून किती शाई सोडायची ते ठरवणारं छपाईचं सॉफ्टवेअर) असा बेत आहे.

पाच खाने काळ्यापासून फिकट राखाडीपर्यंत ठरले. घोडं अडलंय सहाव्यावर. नुसता कार्बन तपकिरीकडे झुकतो. तो तटस्थ करायला तिथे निळसर पिगमेंट टोनर (छटा बदलणारी शाई) भरावा, की आणखी एक फिकट राखाडी?

कागद मॅट (बिनचमकीचा) आणि बरायटा (चमकदार लेपाचा फोटो कागद) दोन्ही. मॅट कागदासाठीची काळी शाई (मॅट काळी) बरायटावर धरत नाही, बोट फिरवलं की पुसते. चमकदार कागदासाठीची फोटो काळी मॅटवर फिकी पडते. काळ्या शाईला खाना एकच, दोन्हींतली कोणती निवडाल?

पातळ करायला नुसतं पाणी चालत नाही (कण तळाशी बसतात, मग नोझल तुंबलंच समजा). ग्लिसरीन घातलेल्या बेसचं (शाई पातळ करायच्या द्रावणाचं) प्रमाण कुणी सांगेल का? पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत 21 पायऱ्यांची चाचणी पट्टी छापली असेल, तर 90 ते 100 टक्क्यांतल्या पायऱ्या सुकल्यावरही वेगळ्या दिसतात का, तेही कळवा.