टोमॅटोचं बी आत्ता टाकू की उत्तरा नक्षत्र लागू दे? (करवीर तालुका, काळं रान) – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
आमचं रान करवीर तालुक्यात, भोगावतीच्या बाजूला. उसाशेजारचा चार गुंठ्यांचा तुकडा भाजीपाल्यासाठी मोकळा ठेवलाय. जमीन काळी, भारी. एकदा भिजली की आठवडाभर पाय रुततो. पाणी विहिरीचं. यंदा टोमॅटो करायचा मनापासून ठरवलंय, घरचं भागून उरेल तो गावच्या बाजाराला. बी अर्का रक्षकचं आणलंय.

अडलंय ते वेळेपाशी. दुकानदार म्हणतात, "ऑगस्ट संपत आला, आत्ताच टाका." आबा (सासरे) म्हणतात, "हस्ताचा पाऊस बघितल्याशिवाय टोमॅटोला हात लावू नको." शिरोळची नणंद तर बी टाकून मोकळी झाली, तिची रोपं चार पानांवर आलीत.

आबांचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही. गेल्या साली मृगावर लावलेला प्लॉट आषाढात करप्यानं गेला. पानांवर पाणी शोषल्यासारखे काळपट डाग आणि सकाळी पान उलटून बघावं तर डागाच्या कडेला पांढरी बुरशी. पाऊस उघडेना, फवारलेलं टिकेना. दुसरीकडे उशीर झाला तर उन्हात सापडायची भीती. नक्की कधी टाकू?

प्रतिसाद (हातकणंगले)
ताई, बी टाकायची तारीख आधी ठरवू नका. फूल कुठल्या हवेत उमलणार ते ठरवा आणि तिथून मागे मोजा. टोमॅटोचं सगळं फुलावर आहे. दिवसा ३५ अंशांच्या वर गेलं किंवा रात्र उबदार राहिली की परागकण नीट काम करत नाहीत. देठाच्या मधल्या गाठीशी पिवळं पडतं आणि बोट लावलं तरी फूल गळतं. मार्चअखेरच्या प्लॉटात हे कुणालाही बघायला मिळेल. त्यात पांढरी माशी वाढते, ती पानं वळणारा व्हायरस पसरवते. तुमचं बी त्या रोगाला बऱ्यापैकी तोंड देतं, पण म्हणून फूलगळ थांबते असं नाही.

आता मोजा. बी टाकल्यापासून लागणीला (रोपं रानात लावायला) २५ ते ३० दिवस, लागणीनंतर फूल साधारण महिन्याभरात, फुलापासून पिकलेल्या फळाला दीड महिना. सप्टेंबरच्या ५ ते १० तारखेला बी टाकलंत तर लागण हस्त संपताना, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. फुलोरा नोव्हेंबरच्या सुरुवातीला आणि तोडे डिसेंबरच्या उत्तरार्धापासून. आपल्याकडच्या थंडीत फळाला रंगही सुरेख चढतो.

आबा बोलतायत ते लागणीचं, आणि ते अगदी बरोबर आहे. आत्ता बी टाकलं तर रोपं सप्टेंबरअखेर तयार होणार आणि तुमच्या काळ्या रानात ऐन हस्तात उभी राहणार. मुळं गुदमरतील. नणंदेचं बघून घाई नको. शिरोळला तुमच्यापेक्षा पाऊस पुष्कळ कमी. एकाच जिल्ह्यात गगनबावड्याचा पाऊस वेगळा आणि शिरोळचा वेगळा.

प्रतिसाद
दादांशी सहमत. फक्त बी उघड्यावर टाकू नका. ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरून वर प्लॅस्टिकचं छप्पर, बाजू मोकळ्या. गादीवाफाच (उंच केलेला मातीचा वाफा) करणार असाल तर १५ सेंमी उंच करा, बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) चोळा आणि पाणी सकाळीच द्या. संध्याकाळी दिलं की रात्रभर ओल राहते, मग रोपं मातीलगत दोऱ्यासारखी बारीक होऊन आडवी पडतात. एकदा मर लागली की वाफा वाचत नाही.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. आबांना वाचून दाखवलं, लागणीचा मुद्दा त्यांना लगेच पटला. गणपती झाले की ट्रे भरते. तोवर त्या तुकड्याला उताराच्या बाजूनं चर काढून घेतो. एकच राहिलं: काळ्या रानात लागण सरीच्या बगलेत करू की सरळ गादीवाफ्यावर?

प्रतिसाद (हातकणंगले)
गादीवाफ्यावर. परतीचा पाऊस दिवाळीपर्यंतही झोडपू शकतो. ठिबक असेल तर आधी अंथरून घ्या. आणि तारकाठी लागणीनंतर महिन्याच्या आत उभी करा, फांद्या जमिनीला टेकू देऊ नका.