शब्दचर्चा: ‘कॅलिब्रेशन मॉडेल’ आणि ‘व्हॅलिडेशन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

नव्यानं रुजू होणाऱ्या तंत्रज्ञांसाठी विषविश्लेषणाची टिपणं मराठीत करते आहे. ‘कॅलिब्रेशन’ला अंशांकन, ‘व्हॅलिडेशन’ला प्रमाणीकरण आणि ‘रेसिड्युअल’ला अवशेष असं लिहिलं. एका शिकाऊ मुलीला वाचायला दिलं, तर ‘अवशेष’ म्हणजे रक्तात उरलेलं विष असं तिला वाटलं. जाणकारांनी सुचवावं.

प्रतिसाद १

मॅडम, त्या मुलीचं काहीच चुकलं नाही. आपल्या कामात ‘अवशेष’ आधीच अडकलेला शब्द आहे: भाजीवरच्या कीटकनाशकाचे अवशेष, जठरातल्या अन्नाचे अवशेष. तुम्हाला हवा आहे तो यंत्रानं दिलेला आकडा आणि रेषेनं सांगितलेला आकडा यांतला फरक. त्याला शाळेपासूनचा शब्द आहे, ‘बाकी’. वजाबाकी केली, उरली ती बाकी. धन किंवा ऋण. मी शिकवताना हाच वापरतो.

‘अंशांकन’ थर्मामीटरवर शोभतं. आपण माहीत असलेल्या तीव्रतेचे नमुने यंत्राला देतो आणि तीव्रता व यंत्राचा प्रतिसाद यांचं नातं बांधतो; ते नातं म्हणजेच मॉडेल. प्रयोगशाळेत सगळे ‘कॅलिब्रेशन’च म्हणतात, तेच ठेवा. ‘वक्र’ मात्र काढा. ‘कॅलिब्रेशन वक्र सरळ आहे’ हे वाक्य विद्यार्थ्यानं कसं वाचायचं? ‘आलेख’ पुरतो.

‘प्रमाणीकरणा’ला माझा ठाम विरोध आहे. प्रमाण म्हणजे किती, प्रमाण म्हणजे पुरावा, प्रमाण म्हणजे मानक. त्यात आणखी एक भर नको. शिवाय मॉडेल निवडणं आणि निवडलेलं मॉडेल तपासणं ही दोन कामं आहेत. एका शब्दात कोंबली की माणसं पहिल्यावरच थांबतात, तेही आर-वर्ग (रेषा बिंदूंना किती जुळते ते सांगणारा आकडा, १ म्हणजे तंतोतंत) ०.९९च्या पुढे दिसला म्हणून.

एक उदाहरण. समजा पल्ला ५ ते १००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आहे आणि दर नॅनोग्रॅमला प्रतिसाद ०.००२. साधी रेषा बसवली. वरच्या टोकाच्या बिंदूंनी तिला ओढलं आणि उतार जवळपास तोच राहून छेद (शून्य तीव्रतेला रेषा दाखवते तो प्रतिसाद) ०.००६ झाला. आता १०००चा नमुना रेषेवरून उलटा काढा: ९९७. कुणाला खटकणारही नाही. ५चा काढा: २. म्हणजे साठ टक्के चूक, आणि आर-वर्ग तरी छान! कमी मात्रेतच मारणाऱ्या विषाचा निकाल नेमका या खालच्या टोकाला लागतो.

असं होतं कारण तीव्रता वाढते तशी मोजमापातली विखुरणही वाढते. म्हणून खालच्या बिंदूंना जास्त मान द्यायचा, १/क्ष किंवा १/क्ष² (क्ष म्हणजे तीव्रता). याला ‘वजन दिलेली रेषा’ म्हणू नका. आपल्याकडे वजन म्हटलं की हात तराजूकडे जातो. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ‘भारित निर्देशांक’ असतो, तसं ‘भारित’ म्हणा.

निवड कशी करायची? अमेरिकेतलं न्यायवैद्यक विषशास्त्राचं एएसबी ०३६ हे मानक शून्य सोडून किमान ६ तीव्रता आणि प्रत्येकीची किमान ५ वेळा मोजणी मागतं. मग बाकींचा आलेख काढून डोळ्यांनी बघा. नरसाळ्यासारखा फाकला तर भार द्या, कमानीसारखा वाकला तर द्विघाती मॉडेल (सरळ रेषेऐवजी क्ष² असलेलं वक्र नातं) पाहा.

प्रतिसाद २

मी कोर्टाच्या कागदांचं भाषांतर करतो. ‘वैधीकरण’ही नको. वैध म्हटलं की ‘कायद्यानं चालणारं’ असाच अर्थ लागतो. ‘ग्राह्य’सुद्धा पुराव्याशी बांधलेला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. सीए रिपोर्टमध्ये (सरकारी रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात) ३२ आलं, तर त्या दोन मिलिग्रॅमचा भरवसा कशावर, हे वकील विचारणारच. तिथे ‘पद्धत वैध आहे’ लिहिलं, तर उत्तर दिल्यासारखं वाटतं पण मिळत नाही. ‘पडताळणी’ कसं वाटतं?

प्रतिसाद १

पडताळणी ‘व्हेरिफिकेशन’साठी राखून ठेवू. दुसरीकडे सिद्ध झालेली पद्धत आपल्या यंत्रावर तशीच चालते का, हे पाहणं म्हणजे पडताळणी. ‘व्हॅलिडेशन’ला मी ‘कसोटी’ म्हणेन. सोनार सोनं कसाला लावतो, तशी पद्धत लावायची: निवडीत न वापरलेले, वेगळे बनवलेले, माहीत असलेल्या तीव्रतेचे नियंत्रण नमुने, वेगवेगळ्या दिवशी, ठरलेल्या मर्यादेत. औषधांच्या जैवविश्लेषणात आयसीएच एम१० (२०२२) ही मर्यादा १५ टक्के ठेवतं, सर्वांत खालच्या पातळीला २०. मर्यादा कसोटीआधी लिहून ठेवायची, नंतर नाही.

प्रश्नकर्ती

वाक्य बदललं: ‘बाकींचा आलेख नरसाळ्यासारखा दिसला म्हणून १/क्ष² भार देऊन सरळ रेषा निवडली; नंतर पाच दिवस नियंत्रण नमुन्यांवर तिची कसोटी घेतली.’ त्याच मुलीला दाखवलं. तिनं लगेच विचारलं, ‘पण शून्य हा बिंदू रेषेत का धरला नाही?’

प्रतिसाद १

तिला सांगा, आरंभबिंदूवर (शून्य तीव्रता, शून्य प्रतिसाद) आपण काही मोजलेलं नसतं. तो धरला तर न मोजलेला बिंदू रेषेला स्वतःकडे ओढतो. कोरा (विष नसलेला) नमुना यंत्राला जरूर द्यायचा, पण पार्श्वभूमी पाहायला.